सुटकेच्या कागदावर औषध कुठे आहे?

तुरुंगात राहून माणूस सुधारतो की बिघडतो, हा वाद जुना आहे. तो वकिलांनी आणि समाजसुधारकांनी खुशाल घालावा. आम्हा डॉक्टरांपुढचा प्रश्न त्याहून साधा असतो. हे शरीर आत किती दिवस होते, तेवढ्या काळात त्याला कशाची सवय सुटली, आणि फाटकाबाहेर पडताना त्याच्या हातात कोणता कागद दिला, एवढेच आम्ही विचारतो. २०२० साली कोरोनाच्या साथीत महाराष्ट्रातल्या तुरुंगांतून हजारो माणसे एकदम बाहेर आली. त्यांच्या हातातल्या कागदावर कलम होते, जामिनाची मुदत होती, पोलीस ठाण्याचे नाव होते. त्यांच्यापैकी जे दारूचे किंवा गर्दचे बळी होते त्यांच्या औषधाचे काय, हा विषय तेव्हा कोणी धसास लावला नाही. आज साथ सरली आहे. पण माणसे तुरुंगातून सुटतच असतात, म्हणून हा विषय आज मांडतो आहे.

आधी थोडा इतिहास, कारण अलीकडचा इतिहासच आपण सर्वांत लवकर विसरतो. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितले. दाटीवाटीने भरलेल्या तुरुंगांत साथ शिरली तर काय होईल, ही न्यायालयाची चिंता होती आणि ती रास्त होती. महाराष्ट्रातल्या तुरुंगांची क्षमता सुमारे २४ हजारांची आणि आत माणसे ३५ हजारांच्या वर! न्यायमूर्ती अ. अ. सय्यद यांच्या अध्यक्षतेखाली आपली समिती बसली. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतल्या कच्च्या कैद्यांना तात्पुरता जामीन आणि तशाच शिक्षा झालेल्यांना आकस्मिक पॅरोल द्यावा, असे मार्चअखेर ठरले. पुढे मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात ७७ कैदी आणि २६ कर्मचारी एकदम बाधित निघाले. तेव्हा ११ मे रोजी समितीने सुटकेची कक्षा वाढवली आणि निम्मे तुरुंग रिकामे करण्याचे लक्ष्य ठेवले. काही महिन्यांत दहा हजारांहून अधिक माणसे आपापल्या घरी पोहोचली.

निर्णय योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु कोणाला सोडायचे हे कलम आणि शिक्षेची वर्षे पाहून ठरले. आजार पाहून ठरले नाही. आणि सुटलेल्यावर अट कोणती? दर तीस दिवसांनी जवळच्या पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. आमच्या जयगडला पोलीस ठाणे आहे, त्यामुळे इकडच्या माणसाला ती अट जड नव्हती. पण महिन्यातून एकदा पोलिसांना तोंड दाखवायला सांगणाऱ्या व्यवस्थेला, महिन्यातून एकदा डॉक्टरलाही दाखव, असे सांगणे सुचले नाही. त्यासाठी एक पैसाही जादा लागला नसता.

वाचक म्हणतील, डॉक्टर, सहा-आठ महिने आत राहिलेल्या माणसाची दारू तर आपोआपच सुटली. (आत दारू मिळत नाही, निदान मिळू नये अशी अपेक्षा असते.) मग आता औषध कशाचे द्यायचे? हा समज इतका सार्वत्रिक आहे की त्याबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. माणसे दगावतात ती या समजामुळेच.

आपल्या बंदरावरचेच उदाहरण घ्या. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत खलाशाच्या तळहाताचे घट्टे मऊ पडतात. नारळी पौर्णिमा झाली, होडी पाण्यात लोटली आणि पहिल्याच दिवशी त्याने पूर्वीच्याच जोमाने दोर ओढला, की हाताला फोड येतात. माणूस तोच, दोर तोच, ताकदही तीच, घट्टे तेवढे गेलेले असतात. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला आणि यकृतालाही असेच घट्टे पडलेले असतात. एखाद्याला एका घोटाने गरगरते आणि दुसरा बाटलीभर रिचवून सायकल चालवत घरी जातो, तो या सवयीमुळे. वैद्यकात तिला सहनक्षमता म्हणतात. महिना-दोन महिने व्यसन बंद राहिले की ही सहनक्षमता उतरते. इच्छा मात्र उतरत नाही. ती मनात तशीच दबा धरून असते. सुटलेला माणूस पूर्वीच्या हिशेबानेच बाटली उघडतो किंवा पुडी घेतो. त्याच्या मनाला जुने माप आठवते, शरीराला ते पेलत नाही.

दारूच्या बाबतीत याचा परिणाम म्हणजे बेशुद्धी, उलटी श्वासनलिकेत जाणे, साखर एकदम खाली जाणे, डोक्यावर आपटणे. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आणि अफूपासून किंवा तशाच रसायनांपासून बनलेली इतर द्रव्ये याहूनही घातकी. ती मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रालाच झोपवतात. घरच्यांना वाटते, बरा गाढ झोपलाय. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका तिथल्या सर्वसामान्य माणसाच्या १२९ पट निघाला. पुन्हा वाचा, १२९ पट! तिकडची द्रव्ये वेगळी, समाज वेगळा, हे मान्य. पण श्वासाचे केंद्र सगळ्या माणसांच्या डोक्यात एकाच जागी असते.

आता २०२० च्या उन्हाळ्याकडे या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली आणि दारूची दुकाने बंद झाली. ज्यांना रोज लागते त्यांचे हातपाय थरथरू लागले. दारू एकाएकी तुटली की सहा-आठ तासांत कंप आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. उपचार न मिळाल्यास यात माणूस मरतो. केरळात तेव्हा आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि तिथल्या सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम काढला. तिथल्या उच्च न्यायालयाने २ एप्रिलला त्याला स्थगिती दिली. दारू ही दारूच्या व्यसनावरची चिठ्ठी होऊ शकत नाही, हे खरे. परंतु केरळने निदान प्रश्न पाहिला तरी. आपल्याकडे पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळत नाही म्हणून माणसे सॅनिटायझर प्यायली आणि त्यांतली काही दगावली, तेव्हा कुठे आपल्याला जाग आली.

या सगळ्यात तुरुंगातून सुटलेल्याची गंमत (शब्द क्रूर आहे, पण दुसरा सुचत नाही) अशी, की तो एप्रिलमध्ये बाहेर आला तेव्हा बाहेरही दुकाने बंदच होती. त्यामुळे घरच्यांना वाटले, पोरगा सुधारून आला. मग ४ मेपासून राज्यात ठिकठिकाणी दुकाने उघडली आणि रांगा लागल्या. हातभट्टी तर त्याआधीच जोरात होती.

आमच्या पंचक्रोशीतल्या एका वाडीतला चाळिशीचा खलाशी असाच मारामारीच्या गुन्ह्यात सात-आठ महिने आत होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहितो. सुटून आला तेव्हा अंग भरलेले होते, चेहऱ्यावर तेज होते. त्याची आई मला सांगायची, "डॉक्टर, आमच्या पोराला तुरुंग मानवला हो!" महिनाभर तो घराबाहेर पडला नाही. पडणार तरी कुठे, होड्या किनाऱ्याला लागलेल्या आणि रस्त्यावर पोलीस. मे महिन्यात एका संध्याकाळी जुने सोबती भेटले. पूर्वी त्याला जेवढी लागायची तेवढीच त्याने घेतली, ज्यादा थेंबसुद्धा नाही, हे त्याच्या सोबत्यांनी मला शपथेवर सांगितले. ते खरेच असणार. रात्री अकराला त्याला माझ्या दारात आणला तेव्हा श्वास घरघरत होता आणि ओठ काळे पडले होते. कुशीवर वळवून तोंड साफ केले, शिरेतून थायमिन आणि ग्लुकोज दिले, प्राणवायूचा सिलिंडर होता तो लावला आणि रुग्णवाहिकेतून रत्नागिरीला धाडला. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता, पण रात्रीचा रिकामा मिळाला. तो वाचला. आठवड्याने परत आल्यावर त्याने मला विचारलेला प्रश्न असा, "डॉक्टर, मी जास्त प्यायलो नव्हतो, मग असं कसं झालं?" आठ महिन्यांत तो कोणाच्या ना कोणाच्या ताब्यात होता. त्याला हे समजावून सांगणारा एक जण भेटला नव्हता.

त्याला पुढे औषध चालू ठेवायचे म्हणून घरच्यांना रत्नागिरीच्या खेपा घालायच्या होत्या. एसटी बंद. प्रवासाच्या परवान्यासाठी त्याचा भाऊ एका कार्यालयात गेला. तिथे त्याला सांगण्यात आले की हृदयविकार, डायलिसिस, बाळंतपण असेल तर परवाना मिळेल, "दारू सोडवायला कसला परवाना?" त्या कारकुनावर माझा राग नाही. गावातल्या शंभर शहाण्यांना विचारले असते तर नव्वद जणांनी हेच उत्तर दिले असते.

मग फोनवरून औषध का दिले नाही? इथे एक बारीक गोष्ट आहे, ती सामान्य वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. फार चांगले काम झाले, आम्हा खेड्यातल्या डॉक्टरांना त्याचा मोठा आधार मिळाला. पण अमली आणि मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधांच्या कायद्यात येणारे एकही औषध फोनवरून लिहून द्यायचे नाही, असे त्या नियमांत होते. दारू तुटल्यावर फिट येऊ नये म्हणून जी औषधे द्यावी लागतात, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, ती सगळी त्या यादीत बसतात. गर्दच्या रुग्णाला देतात ती ब्युप्रेनॉर्फिनही. बंदीमागचे कारण समजण्यासारखे आहे, या गोळ्यांचेही व्यसन लागते. परंतु रस्ता बंद, एसटी बंद आणि फोनवरची चिठ्ठीही बंद, अशा कोंडीत नेमका हाच रुग्ण सापडला. मुंबईसारख्या शहरांत जी थोडी ब्युप्रेनॉर्फिनची केंद्रे होती, तिथे रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची मुभा साथीच्या काळात मिळाली. जयगडला तिचा उपयोग किती, हे सांगायला नको.

आणखी एका विसंगतीकडे लक्ष वेधतो. समितीने काही विशेष कायद्यांखालच्या कैद्यांना या सुटकेतून वगळले होते. दहशतवाद, संघटित गुन्हेगारी, काळा पैसा, यांच्या रांगेत १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदाही होता. मोठा तस्कर आत राहावा याला कोण हरकत घेईल? पण त्याच कायद्याच्या २७ व्या कलमात नुसते सेवन करणाराही येतो, ज्याला शिक्षा फार तर एक वर्षाची. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवण्याची तरतूद आहे. ६४-अ कलमात तर स्वतः होऊन उपचार घेणाऱ्याला खटल्यातून मोकळीक आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना १९८५ पासून ठाऊक आहे की यात गुन्हेगार वेगळा आणि रोगी वेगळा. सुटकेच्या यादीत मात्र दोघे एकाच ओळीत बसले. आणि गर्दच्या पुडीसाठी ज्याने सायकल किंवा मोबाइल चोरला तो साध्या चोरीच्या कलमाखाली असल्याने बाहेर आला, तोही उपचाराशिवायच.

कायदे कमी आहेत अशातला भाग नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनोविकारांना आजार मानले आहे. सरकारी दवाखान्यांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टरांना मानसिक आजारांच्या प्राथमिक उपचारांचे शिक्षण द्यावे, राज्यातल्या निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय असावी, असे तो सांगतो. आपला रत्नागिरी जिल्हा या बाबतीत नशीबवान म्हणायला हवा. राज्यात सरकारी मनोरुग्णालये चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. विशेष कारागृह, मनोरुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय, तिन्ही आपल्याकडे एकाच गावात आहेत! पुण्यात येरवड्याला मोठा तुरुंग आहे आणि तिथेच १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण उभे राहिले. अशी शेजारशेजारची घरे असताना एका घरातून दुसऱ्या घरात चिठ्ठी जायला अडचण काय असावी? रिक्षानेसुद्धा पंधरा-वीस मिनिटांत जाईल ती.

माझी सूचना अगदी किरकोळ आहे. प्रत्येक बंद्याची आत येताना वैद्यकीय तपासणी होते. तेव्हाच विचारावे, काय घेत होतास, किती, शेवटचे कधी. बाहेर पडताना त्याच तपासणीचा एक कागद त्याच्या हातात द्यावा आणि दुसरा त्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला पाठवावा. शिवाय तुरुंगाच्या डॉक्टरने सुटण्याआधी पाच मिनिटे बसवून सांगावे की तुझे माप आता पूर्वीचे राहिलेले नाही. ज्याला औषधाची गरज आहे त्याला ते आतच सुरू करावे आणि पंधरा दिवसांचे बरोबर द्यावे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने २०१६ पासून आपल्या सर्व तुरुंगांत असे उपचार सुरू केले. सुटकेनंतरचे अतिमात्रेचे मृत्यू पहिल्याच वर्षात ६१ टक्क्यांनी घटल्याचे तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले आहे. आपल्याकडे जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, काही गंभीर गुन्ह्यांचे अपवाद सोडले तर, पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत आत काढली की त्याच्या सुटकेसाठी तुरुंगाधिकाऱ्यानेच न्यायालयाला अर्ज करायचा आहे. अर्ज तर करायचाच आहे, मग त्याला आरोग्याचा एक कागद टाचायला किती वेळ लागणार?

यावर ठरलेला आक्षेप येतो. इमानदारीने राबणाऱ्याला दवाखान्यात रांग आणि चोराचे लाड कशाला? हा आक्षेप मी कुत्सितपणे उडवून लावणार नाही. २०१९ साली केंद्राने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकाला कसलेतरी उपचार मिळतात आणि दाखल होऊन उपचार मिळणारा १८० मध्ये एक. म्हणजे तुरुंगाबाहेरच्या सज्जनालाही ते मिळत नाहीतच. परंतु बाकीचे सदतीस गावोगाव विखुरलेले आहेत, त्यांना शोधायचे म्हणजे आशाताईंनी किती उंबरे झिजवायचे? तुरुंगातला माणूस तर नाव, गाव, पत्ता आणि भरपूर मोकळा वेळ घेऊन सरकारसमोरच बसलेला आहे. सोपा रुग्ण सोडून अवघड रुग्ण शोधत बसण्यात शहाणपण नाही. शिवाय तो सुटून येतो ते आपल्याच वाडीत. त्याची बायको, मुले आणि त्याच्या होडीवरचे इतर सहा जण यांनी कोणता गुन्हा केला आहे?

आता कागद यायचा तेव्हा येवो, घरच्यांनी करण्याजोगे बरेच आहे. तुमच्या घरातले कोणी महिना-दोन महिने आत राहून, किंवा व्यसनमुक्ती केंद्रात राहूनही, परत येणार असेल तर ते येण्याआधीच डॉक्टरला भेटून ठेवा. पहिले पंधरा दिवस त्याला एकटे झोपू देऊ नका. "सुधारलास ना आता?" असे दिवसातून दहादा विचारू नका, त्याने कोणी सुधारत नाही. जाहिरातीतली किंवा कोणी गुपचूप दिलेली दारू सोडवण्याची पूड त्याच्या नकळत जेवणात कालवू नका. त्यांतल्या काहींत डायसल्फिराम निघू शकते आणि ते पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेतते. उलट कोणाला पोलिसांनी पकडून नेले आणि तो रोज पिणारा असेल, तर घरच्यांनी त्याच दिवशी ठाण्यात जाऊन तसे स्पष्ट सांगावे. तिसऱ्या दिवशी तो बडबडू लागला, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणू लागला, तर ते नाटक नसते. लाज वाटते म्हणून हे लपवणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत.

सल्ल्यासाठी दोन फोन मोफत आहेत, व्यसनमुक्तीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्याचा १४४१६. पण माणूस पिऊन किंवा काही घेऊन पडला आहे, हाका मारल्या, चिमटा काढला तरी उठत नाही, श्वास घरघरतो किंवा मिनिटाला आठ-दहाच्या खाली आला आहे, अशा वेळी सल्ला विचारत बसू नका. त्याला डाव्या कुशीवर वळवा, तोंडातली घाण बोटाला फडके गुंडाळून काढा, लिंबू-ताक-मिठाचे पाणी काहीही पाजू नका आणि १०८ ला फोन करा. त्याने काय घेतले हे माहीत असेल तर गाडीतल्या डॉक्टरला खरे सांगा. गर्दवर उतारा म्हणून नॅलोक्सोन नावाचे इंजेक्शन असते, पण गर्द घेतली हे कळले तरच ते वेळेवर दिले जाते.